तडा बुजवू नका, सांधा

फायबरग्लासच्या गाडीला तडा गेला की मालकाला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, ‘लांबी भरून रंग मारू, कळणारसुद्धा नाही.’ दुसरा, ‘फायबर दुरुस्त होत नसतं, अख्खा पार्ट बदला.’ भोसरीतल्या शेडमध्ये मी वर्षानुवर्षे फायबरचेच काम करत आलो आहे आणि या दोन्ही सल्ल्यांविरुद्ध मला जाहीरपणे बोलायचे आहे. पहिला सल्ला तडा लपवतो, दुसरा धडधाकट माल उकिरड्यावर पाठवतो. खरे तर गाडीच्या बॉडीसाठी जे जे वापरले जाते, त्यात फायबरग्लासइतके दुरुस्तीला सोयीचे दुसरे काही नाही. त्याला वेल्डिंगची ज्योत नको, ठोकाठोक नको, महागडी यंत्रे नकोत. ग्राइंडर, काचेची मॅट, रेझिन आणि तडा कुठून आला हे शोधण्याची तयारी असलेला माणूस, एवढे पुरते. असे हात महाराष्ट्रात भरपूर आहेत. त्यांना रीतसर शिक्षण मिळत नाही आणि त्यांच्या कामाला कागदावर नीट जागा नाही, माझी तक्रार ती आहे.

कोकणातली कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फायबरग्लास चटकन समजेल. कुडात आत काठ्या असतात आणि वरून माती लिंपलेली असते. भिंत उभी राहते ती काठ्यांवर. फायबरग्लासमध्ये काठ्यांच्या जागी केसाहून बारीक काचेचे तंतू असतात आणि मातीच्या जागी बहुधा पॉलिएस्टर रेझिन. ताण तंतू घेतात, रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवते. सर्वांत वर दिसतो तो जेलकोट, साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. त्यात काच नसते, म्हणून तो कडक पण ठिसूळ असतो. आता लांबी म्हणजे काय? पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवलेली शंखजिऱ्याची बारीक भुकटी. तिच्यात तंतूच नाहीत. तुटलेले तंतू ती जोडणार कशाने? लांबीने तडा सांधला जात नाही, हे या पदार्थाच्या घडणीतच आहे. त्यात माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

हे साहित्य गाड्यांकडे आले ते होड्यांच्या वाटेने, आणि कोकणातल्या माणसाला ही गोष्ट जवळची वाटावी. १९५०-५१ च्या सुमारास कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा बोटी बांधणारा कारागीर होता. फायबरग्लासच्या बोटी करता करता त्याने एका जीपच्या चासीवर स्पोर्ट्‌स कारची बॉडी बसवली. पाठोपाठ १९५३ मध्ये शेव्हरोलेची कॉर्व्हेट आली. पहिल्या वर्षी मिशिगनमधील फ्लिंट येथे ३०० गाड्या झाल्या, त्यांच्या बॉडीचे फायबरचे भाग ओहायोतल्या ॲश्टाब्युलातून येत. इंग्लंडमध्ये लोटसने १९५७ मध्ये ‘एलिट’ दाखवली. तिला वेगळी चासी नव्हती, फायबरग्लासची बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढे १९६२ च्या ‘एलान’ला त्यांनी पोलादी कणा दिला आणि बोल्ट जिथे येतात तिथे धातूच्या बॉबिन बॉडीतच पक्क्या केल्या. फ्रान्समधल्या दिएपची अल्पिन ए-११० हीसुद्धा फायबरग्लासची. १९७३ मध्ये उत्पादकांसाठीचे पहिले जागतिक रॅली अजिंक्यपद तिने कंपनीला मिळवून दिले. बर्फ आणि खडकाळ घाट तुडवत जिंकलेली ती गाडी आठवली की ‘फायबर म्हणजे तकलादू’ या बोलण्यात किती अर्थ आहे ते कळते.

छोट्या कारखान्यांनी फायबर का निवडले, त्यालाही सरळ कारण आहे. पत्र्याचा पार्ट दाबून काढायचा तर प्रचंड प्रेस आणि महागड्या डाय लागतात. त्यांचा खर्च हजारो गाड्या विकल्या तरच निघतो. फायबरला एक मोल्ड पुरतो, तोही फायबरचाच. म्हणून ज्यांना थोड्याच गाड्या करायच्या होत्या, त्यांनी जगभर हा रस्ता धरला. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने १९८० च्या दशकात इंग्लंडच्या रिलायंट किटनवर बेतलेली ‘डॉल्फिन’ काढली, तिची बॉडी फायबरची. १९९८ च्या सुमारास सॅन मोटर्सची ‘स्टॉर्म’ आली: दोन माणसांची, उघड्या टपाची, रेनोच्या १.२ लिटर इंजिनाची, फायबरग्लासच्या बॉडीची. अशा गाड्यांना आता कंपनीचे पार्ट मिळत नाहीत. त्यांच्या मालकाला ‘पार्ट बदला’ म्हणणे म्हणजे ‘गाडी मोडीत काढा’ म्हणण्यासारखेच आहे.

सध्या माझ्या शेडमध्ये अशीच एक स्टॉर्म उभी आहे. मालक साताऱ्याचे. पुढच्या चाकावरच्या कमानीपासून बॉनेटच्या कडेपर्यंत वीतभर तडा. ‘रंग मारला की दिवाळीपर्यंत टिकतो, मग पुन्हा उमटतो,’ असे ते म्हणाले. मी आधी नाण्याने वाजवून पाहिले. धड लॅमिनेट, म्हणजे काच-रेझिनचे एकजीव थर, टणक वाजते, थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. डोळ्याला दिसणाऱ्या तड्याच्या दोन्ही बाजूंना चांगली चार-चार बोटे आवाज बद्द होता. तेवढ्या भागाला पेन्सिलीने रेघ मारली आणि रंग घासायला घेतला. खाली लांबी, तिच्याखाली जुना रंग, त्याखाली पुन्हा लांबी. सगळी मिळून बॉडीच्या मूळ जाडीपेक्षा जास्त. दरवेळी कुणीतरी तड्याच्या ओठावर लांबी भरली होती. मागच्या बाजूला, चाकाच्या कमानीत, हात कुणीच घातला नव्हता.

तिथे हात घातल्यावर कारण सापडले. एक पोलादी ब्रॅकेट लहान वॉशर लावून थेट फायबरवर आवळला होता. बोल्टचा सगळा दाब रुपयाएवढ्या जागेवर. खड्ड्यात चाक आदळले की ब्रॅकेट हलतो, त्या जागेभोवती काचेचे तंतू एकेक करून तुटतात आणि भोकापासून निघालेला तडा कडेकडे सरकतो. लांबी कितीही वेळा भरली तरी तो थांबणार नव्हता. ब्रॅकेटचा दाब पसरवला तरच थांबणार होता. 

फायबरचा तडा वाचता येतो, आणि माझ्या मते या कामातले निम्मे शहाणपण ते वाचण्यात आहे. चांदणीसारखा, मध्यापासून चहूकडे फुटलेला तडा दिसला तर बहुतेक वेळा मागून ठोसा बसलेला असतो: चाकाने उडवलेला दगड, ट्रंकमध्ये आदळलेला जॅक. एकमेकांना समांतर बारीक रेघा दिसल्या तर तो भाग वाकतो आहे, आणि रेघांच्या खाली बहुधा कडक पट्टी किंवा पडदा आहे, ज्याच्या धारेवर तो वाकतो. बिजागरी, बोल्ट किंवा दिव्याच्या भोकापासून निघालेली एकच रेघ म्हणजे आवळताना किंवा बसवताना दाब एकवटला. मोहरीच्या दाण्याएवढ्या चौकटींचे जाळे दिसले तर दोष अनेकदा वरच्या थरापुरताच असतो. जेलकोट किंवा रंग जाड झाला आणि उन्हात थकला. पहिल्या तीन प्रकारांत आत काच तुटली आहे का ते पाहावेच लागते, चौथ्यात बहुधा वरचा थर घासून नवा देऊन भागते. हे ओळखल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये, असे मी माझ्याकडच्या पोरांना सांगतो.

मला हे शिकवले देवगडच्या मामांनी. ते होड्या बांधत. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्या, तेव्हा त्यांनी उतारवयात हे नवे साहित्य शिकून घेतले. होडीच्या तळाला तडा दिसला की शेजारचा कुणीतरी डबा घेऊन यायचा, तेव्हा मामा म्हणायचे, ‘भायरसून लांबी लावन काय होतला? आधी आतसून बघ.’ समुद्रावर लपवाछपवी चालत नाही. लांबीने बुजवलेली होडी खाडीच्या तोंडाशी पहिल्याच लाटांत पाणी घेते आणि वर माणसे असतात. म्हणून होडीवाल्यांमध्ये खरी दुरुस्ती टिकली. रस्त्यावर गाडी बुडत नाही, एवढ्याचसाठी आपण खोट्या दुरुस्तीला सरावलो.

स्टॉर्मचे काम कसे केले ते सविस्तर सांगतो, कारण ‘फायबर दुरुस्त होत नसतं’ म्हणणाऱ्यांना तेच उत्तर आहे. आधी बाहेरच्या बाजूने ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या छोट्या स्क्रूंनी लावून कमानीचा आकार जागच्या जागी धरला. मग मागून घासायला घेतले. तुटलेली काच पांढुरकी दिसते. ते पांढरे पूर्ण जाईपर्यंत घासायचे. कड सरळ उभी ठेवायची नाही, लांबवर उतरती करायची. प्रमाण साधारण एकास बारा. बॉडी ३ मिलिमीटर जाडीची असेल तर उतार ३६ मिलिमीटरपर्यंत गेला पाहिजे. नव्या काचेला जुन्या काचेवर पकड मिळते ती या रुंद उतारावर. जुने रेझिन कधीच पिकलेले असते, नव्याशी ते रसायनाने फारसे एकजीव होत नाही. सांधा धरतो तो खरखरीत पृष्ठभागावरच्या चिकटणुकीवर. म्हणून जाड दाण्याच्या पॉलिश पेपरने ओरखडे पाडायचे, धूळ झटकायची, ॲसिटोनने पुसायचे आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावायचे नाही. घामाचा तेलकट हातसुद्धा सांधा बिघडवतो.

मग मॅट. ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम काच. पॉलिएस्टरमध्ये हाताने बसवली की तिचा एक थर जवळपास १ मिलिमीटर जाडीचा होतो, म्हणून ३ मिलिमीटरच्या बॉडीला तीन थर. मॅट कात्रीने कापण्याऐवजी कडा हाताने फाडतो, तंतू विस्कटून जुन्या भागात मिसळतात आणि कडेची रेघ पुढे रंगातून उमटत नाही. रेझिन वजनाने काचेच्या दुप्पट ते अडीचपट, त्याहून जास्त नको. नवशिक्याला वाटते, रेझिन जितके जास्त तितके मजबूत. उलट आहे. काचेविना साचलेले रेझिन ठिसूळ असते आणि पुढचा तडा तिथूनच जातो. प्रत्येक थरावर खाचांचा लोखंडी रोलर फिरवून हवेचा बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. पॉलिएस्टरचा वरचा थर हवा लागली की चिकट राहतो, म्हणून शेवटी त्यावर पारदर्शक फिल्म अंथरायची. मागची बाजू पक्की झाल्यावर पट्ट्या काढल्या, पुढून तसाच उतार केला, स्क्रूच्या भोकांसह सगळीकडे काच भरली. बोल्टखाली तळहाताएवढी ॲल्युमिनियमची प्लेट दिली, मध्ये रबर, वर रुंद वॉशर. तड्याला जन्म देणारा दाब आता सगळ्या कमानीवर वाटला गेला.

लांबीशी माझे वैर नाही. शेवटचा अर्धा मिलिमीटर, पृष्ठभाग सपाट करण्यापुरता, तिचाच आहे. माझे वैर आहे ते तिला काचेच्या जागी बसवण्याशी.

रंगाची घाई हा आणखी एक शत्रू. नवे रेझिन हाताला कडक लागले तरी आत पिकत असते आणि आक्रसत असते. लगेच रंग देऊन भट्टीत घातले, की काही दिवसांनी उन्हात मॅटचा माग रंगातून वर उमटतो, आत राहिलेली हवा फुगून फोड येतात. पुण्याच्या पावसाळ्यात तर हे काम अधिकच नाजूक. ओलसर मॅट आणि दमट हवा यांत रेझिन नीट पिकत नाही. ‘गणपतीच्या आत गाडी हवी’ म्हणणाऱ्या मालकाला मी आदराने थांबायला सांगतो. जुना रंग काढायला पत्र्यावर चालणारा तेज पेंट रिमूव्हरही फायबरवर नको. तो जेलकोट आणि रेझिनही खातो. रंग घासूनच काढायचा, वेळ लागला तरी.

सगळे फायबर एकसारखे नसते, हेही शिकवायला हवे. कॉर्व्हेटचे भाग १९७० च्या दशकापासून एसएमसी नावाच्या साहित्याचे होऊ लागले. त्यात रेझिन आणि काच आधीच एकत्र केलेले असतात आणि गरम प्रेसखाली दाबून पार्ट काढतात. अशा पार्टवर साधे पॉलिएस्टर नीट चिकटत नाही, तिथे इपॉक्सी लागते. आणि इपॉक्सी घेतली तर नेहमीची मॅट चालत नाही. त्या मॅटचे तंतू धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळावा असाच बनवलेला असतो; इपॉक्सीत स्टायरिन नसते. तिथे विणलेले काचेचे कापड घ्यायचे. एवढी माहिती पानभर कागदावर मावते, पण ती नसल्यामुळे महागड्या गाड्यांचे सांधे सहा महिन्यांत सालपटासारखे सुटून आलेले मी पाहिले आहेत.

आणि माहितीअभावी फक्त सांधे सुटतात असे नाही. आपल्याकडे रेझिन, त्याचे पिकणे वेगात आणणारे कोबाल्ट आणि ते पिकवणारा हार्डनर असे तीन डबे वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचे, हार्डनर शेवटी, वजनाने १ ते २ टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतले तर भडका उडतो, स्फोटही होतो. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. त्याच क्षणी डोळा वाहत्या पाण्याखाली धरून किमान पंधरा मिनिटे धुवावा लागतो आणि मग थेट दवाखाना गाठावा लागतो. उरलेले कालवलेले रेझिन डब्यात ठेवले तर ते आपल्याच उष्णतेने धुमसते. काचेची धूळ आणि स्टायरिनची वाफ यांना तोंडाला बांधलेला रुमाल अडवत नाही. त्यासाठी धूळ गाळणाऱ्या आणि वाफ शोषणाऱ्या डब्यांचा मास्क लागतो. भोसरी-चाकणच्या शेडांमध्ये, मालवणच्या किनाऱ्यावर, मूर्ती आणि पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यांत मुले हे काम उघड्या हातांनी करतात. खाज म्हणजे ‘फायबरचा त्रास’ म्हणून सोडून देतात. ज्याला आपण कारागीर म्हणतो त्याचे डोळे आणि फुप्फुसे आपण इतकी स्वस्त धरावीत, हे मला मान्य नाही.

लांबीचे काम करणाऱ्या गॅरेजवाल्यांना मी लबाड म्हणत नाही. गिऱ्हाईक सकाळी गाडी आणते आणि संध्याकाळी मागते. खऱ्या दुरुस्तीला काही दिवस जातात, त्यातला मोठा भाग वाट पाहण्याचा. ती मागची काच, तो उतार, तो रोलर काहीच रंगानंतर दिसत नाही. जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसते, मग कारागीरही दिसणारेच करतो. हे चक्र तोडायचे तर न दिसणारे काम कागदावर दिसले पाहिजे. इथे विमा येतो.

आपल्या मोटार विम्याच्या नियमांत फायबरग्लासला स्वतःची ओळ आहे, हे बहुतेक मालकांना ठाऊक नसते. पार्ट बदलला तर कंपनी घसारा कापून पैसे देते. रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या पार्टना ५० टक्के, फायबरग्लासच्या पार्टना ३० टक्के, काचेला शून्य. घसारामाफीची जोड घेतली नसेल तर नव्या फायबरच्या पार्टमागे जवळपास तिसरा हिस्सा मालकाच्या खिशातून जातो. मजुरीवर असा घसारा नसतो. म्हणजे नीट केलेली दुरुस्ती, जिच्यात माल थोडा आणि मजुरी जास्त, अनेकदा मालकाच्याही हिताची आणि कंपनीच्याही. तरी एस्टिमेटमध्ये ‘बदला’ हाच शब्द सोपा पडतो, कारण पार्टची किंमत छापील असते आणि लॅमिनेटच्या कामाचे तास कुठे छापलेले नसतात. सर्व्हेअरने ते तास कशाच्या आधारावर मंजूर करायचे? आधार द्यायला हवा, आणि तो देणे अवघड नाही.

फायबर सांधण्याचे या सगळ्याहून मोठे कारण अजून बाकी आहे. मोडीत निघालेला पत्रा वितळतो, त्याचा पुन्हा पत्रा होतो. पिकलेले पॉलिएस्टर रेझिन कितीही तापवले तरी वितळत नाही. ते जळते, काळा धूर सोडते, आणि मागे काच उरते. फायबर कुजत नाही, गंजत नाही. त्याचा जो गुण आपण होडीत, गाडीत, टाकीत वापरला, तोच ते टाकून देताना आडवा येतो. कोकणच्या किनाऱ्यांवर वाळूत अर्ध्या रुतलेल्या फुटक्या फायबरच्या होड्या दिसतात; त्यांना घेणारा भंगारवाला नसतो. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि धुळ्याच्या ब्राह्मणवेलला ज्या पवनचक्क्या फिरतात, त्यांची पातीही काचतंतूंचीच. अशा पात्यांचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे धरतात, आणि जुन्या पात्यांची ती मुदत आली आहे. परदेशात अशा कचऱ्याचे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत घालण्याचे मार्ग निघाले आहेत. तो शेवटचा उपाय झाला. त्याआधीचा, स्वस्त आणि आपल्या आवाक्यातला उपाय म्हणजे वस्तू मोडीत जाऊच न देणे. जे वितळवून पुन्हा घडवता येत नाही, ते सांधता आलेच पाहिजे. स्पोर्ट्‌स कारच्या कमानीवर ही कला शिकलेला मुलगा उद्या होडीचा तळ सांधेल, परवा टाकी, आणि पुढचे प्रशिक्षण मिळाले तर पवनचक्कीचे पातेही. काच तीच, रेझिनचे नियम तेच, उतार काढायची रीत तीच.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली आयटीआयकडे. तिथे ऑटो बॉडी रिपेअर आणि ऑटो बॉडी पेंटिंग हे ट्रेड आहेत. त्यातून माझ्याकडे आलेली मुले पत्र्याचे काम झकास करतात, पण मॅट पहिल्यांदा माझ्या शेडमध्येच हातात धरतात. प्रत्येक मुलाने फायबरचा एक तुकडा स्वतः तोडावा, स्वतः सांधावा आणि मग तो सांधा वाकवून पुन्हा तोडून पाहावा. तुटणे सांध्यावर झाले की बाजूला, यातून त्याला जे कळेल ते कुठल्याही परीक्षेतून कळणार नाही. शिकवायला माणसे कमी नाहीत. देवगड, मालवण, रत्नागिरीच्या होडी बांधणाऱ्यांना मानधन देऊन पाहुणे शिक्षक म्हणून बोलवा. त्यांच्याकडे पदवी नसेल, पण त्यांच्या सांध्यांची परीक्षा समुद्र घेत असतो. स्पर्धेसाठी रेसिंग कार बनवणाऱ्या अभियांत्रिकीच्या मुलांनाही त्याच वर्गात बसवा. बॉडीवरून हवा कशी वाहते ते संगणकावर त्यांना उत्तम दाखवता येते, पण बॉडी फुटल्यावर काय करायचे हेही त्यांना आले पाहिजे.

दुसरी मागणी विमा कंपन्यांकडे. फायबरग्लासच्या दुरुस्तीसाठी एस्टिमेटमध्ये वेगळी ओळ करा: घासणे, मागचे थर, पुढचे थर, पिकण्याचा काळ. रंगाआधी मागच्या बाजूचा फोटो मागा. तो फोटो असेल तरच दुरुस्तीची मजुरी मंजूर करा. एवढ्याने खरे काम करणाऱ्याला पैसे मिळतील आणि लांबी थापणाऱ्याला काच वापरायला कारण मिळेल.

तिसरी मागणी तुमच्याकडे, म्हणजे फायबरची गाडी, बंपर, हूड किंवा होडी असलेल्या प्रत्येकाकडे. दुरुस्ती करणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. तडा कशामुळे गेला? मागून काच लावणार का? रंगाआधी मला दाखवणार का? तिन्हींची सरळ उत्तरे देणारा माणूस सापडला तर भावासाठी घासाघीस करू नका आणि तो मागेल तेवढे दिवस त्याला द्या.

या मागण्यांसाठी नवा कायदा नको, परदेशी यंत्र नको. मॅटचा एक गठ्ठा, रेझिनचे पिंप, चांगले मास्क आणि शिकवायला तयार असलेला एखादा होडीवाला मिळाला, तर कुठल्याही जिल्ह्याच्या आयटीआयत हे येत्या सत्रापासून सुरू होऊ शकते. भोसरीतली माझी शेड आणि माझे हात त्यासाठी हजर आहेत.